पश्चिमेस गेला, परत आला

बहारीनला आलेल्या माणसाचं चरित्र दोन ओळींत संपतं, असं चाचांचं मत होतं. 'त्या साली पश्चिमेस गेला. अमुक साली परत आला.' मधल्या वीस-पंचवीस वर्षांचं घरच्यांना काही कळत नाही आणि इथल्यांना लिहायला सवड नसते. तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते हे पहिल्याच दिवशी ऐकवत, त्याच्या कागदांच्या झेरॉक्स फाइलला लावता लावता. नवा माणूस आदल्या दिवशी विमानातून उतरलेला, अंगावर घडीचा शर्ट, आणि समोरचा म्हातारा क्लार्क त्याला चीनच्या इतिहासकारांबद्दल सांगतोय. काही जण घाबरत. मी चिडलो होतो.

"मी दोन वर्षांसाठीच आलोय," मी म्हणालो. "नंतर कॅनडा."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्सांची तर एक ओल पन व्हनार नाय, इंजिनेर."

याला नऊ वर्षं झाली. बुसैतीनच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक मोठी निळी सूटकेस नऊ वर्षं हॉलच्या कोपऱ्यात उभी आहे. ती माळ्यावर चढवली की आपण इथं राहिलो असं ठरेल, म्हणून मी ती चढवू दिली नाही. बायको तिच्यावर फोनचा चार्जर ठेवते. मुलगी सहा वर्षांची होती, ती आता पंधराची आहे आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मला एका जागी बसवत नाही हे खरं आहे. जेवताना पाय हलतो, सिग्नलला बोटं वाजतात, सिनेमाला गेलो तर मध्येच उठून पार्किंगमध्ये गाडी आहे ना बघून येतो. चाचांनाही बसवत नसे. आमचं जमलं ते बहुधा एवढ्याच गुणावर.

ते श्रीवर्धनकडचे. पूर्वी हिद्दच्या बंदरावर जहाजांना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे होते, मग आमच्याकडे आले. आम्ही पंप दुरुस्त करतो; म्हणजे करायचो, आता मला 'आम्ही' म्हणायचा हक्क नाही. जहाजांचे, कारखान्यांचे, समुद्राचं पाणी ओढणारे माणसाएवढे पंप. चाचांचा हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर. वर्कशॉपचं रोजचं रजिस्टर, माणसांच्या फाइली आणि प्रत्येक पंपाचं हिस्टरी कार्ड हे सगळं त्यांच्या ताब्यात. पंप कधी आला, कुणी उघडला, काय बदललं, कुणाच्या हुकमाने बाहेर गेला, हे त्या कार्डावर असतं आणि कार्डाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाबरोबर गिऱ्हाइकाकडे जाते. कंपनीने त्यांना टेबल-खुर्ची दिली होती. खुर्चीवर ते फाइली ठेवत आणि पंपाच्या रिकाम्या लाकडी खोक्यावर खोकं चढवून केलेल्या उंच मेजापाशी उभे राहून लिहीत. चार ओळी झाल्या की दरवाजापर्यंत एक फेरी, खाडीकडे एक नजर, परत चार ओळी. ओहोटीला तुबलीच्या खाडीचा वास आत यायचा. सगळे नाक दाबत आणि चाचा मात्र 'आमच्या गावची जेटी' असं म्हणून खोल श्वास घेत.

चीनच्या इतिहासाचं आणि मंगोलांचं वेड त्यांना एका चिनी माणसाने लावलं. बंदरावर असताना एक जहाज सुट्या भागासाठी तीन आठवडे अडकलं होतं आणि त्याचा चीफ इंजिनिअर रोज चाचांच्या टपरीवजा ऑफिसात येऊन बसायचा. त्याचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. दोघांचंही इंग्रजी बेताचं. चाचांनी त्याला विचारलं की चीनवरही राज्य करणाऱ्या मंगोलांनी बगदाद घेतलं तेव्हा तुमच्या लोकांनी त्याबद्दल काय लिहून ठेवलंय? गावच्या मदरशातले उस्ताद बगदादच्या पाडावाची गोष्ट सांगताना रडायचे, म्हणे, आणि लहानपणापासून चाचांच्या डोक्यात होतं की ज्यांच्या बाजूने ते घडलं त्यांच्या दप्तरात काय नोंद झाली असेल. चिनी इंजिनिअर हसला आणि म्हणाला, फार नाही. एका सेनापतीच्या चरित्रात काही ओळी आहेत. मोठं शहर, दोन भाग, भिंती, घेतलं. पुढे चला.

"उस्ताद एवढा रडायचा," चाचा मला म्हणाले, "आनि तिकडं चार ओली. मना तवा झोप नाय लागली. वाटलं, लिवनाऱ्याला धरून विचारावं, बाबा, तू व्हतास कुठं? तर तो व्हता राजधानीत, कचेरीत. माज्यासारखा. त्याच्यासमोर कागद येनार, तेवढंच तो लिवनार."

तेव्हापासून हा छंद लागला. भाषांतरं, लेख, जे मिळेल ते इंटरनेटवरून उतरवून ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं. टोनर महिन्यात दोनदा संपायला लागला तेव्हा चौकशी झाली. मॅनेजर त्यांच्या कपाटाशी गेला आणि त्याला सात बॉक्स फाइली सापडल्या, प्रत्येकीवर व्यवस्थित नंबर, एमएनजी (म्हणजे मंगोल) एकपासून एमएनजी सातपर्यंत. त्याला वाटलं ही कुणा गिऱ्हाइकाची जॉब-फाइल आहे. "ये एमएनजी कौन पार्टी है?" असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, जुनी पार्टी आहे, आता धंदा बंद झालाय. बरेच दिवस ते पचलं.

चाचांच्या गोष्टी ऐकायला मजा यायची, हे कबूल करतो, जरी तेव्हा मी घड्याळाकडे बघत ऐकायचो. चीनची रीत अशी की एक राजवट बुडाली की तिचा इतिहास पुढच्या राजवटीने लिहायचा. आधी नाही. सेनापती पश्चिमेला चार-चार वर्षं लढत असत, आणि लिहिणाऱ्यांकडे त्याबद्दल जे येई ते बऱ्याचदा त्यांच्या घरच्यांनी पाठवलेला कागद असे, थडग्यावर कोरायला म्हणून तयार केलेला. घरचे काय कमी लिहितात? एका सेनापतीच्या चरित्रात तो बगदाद घेऊन तसाच पुढे मक्केपर्यंत गेला आणि वाटेतली शेकडो शहरं शरण आली असं छापलं गेलंय. "आमची मक्केला जानारी उमऱ्याची बस सौदीच्या कॉजवेवर इमिग्रेशनला तीन-तीन तास उभी ऱ्हाते," चाचा म्हणाले, "आनि ह्यो घोड्यावर बसून मक्केला पोचला. कोन इचारनार? घरच्यांनी बायोडाटा पाठवला, त्यांनी फाइलीला लावला." मग ते आमच्याकडे आलेल्या बायोडाटांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकत. प्रत्येक जण सुपरवायझर होता, एकही हेल्पर नव्हता.

एकदा त्यांना एकाच पंपाची दोन हिस्टरी कार्डं सापडली. दोन शिफ्टनी आपापलं कार्ड उघडलेलं, दोन्हींत दुरुस्त्या वेगळ्या, आणि तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर शिव्या दिल्या असत्या. चाचा आनंदाने लाल झाले. मला शॉपफ्लोअरवरून हात धरून ओढत नेलं. चीनच्या त्या दरबारी इतिहासात म्हणे पश्चिमेच्या मोहिमेवरच्या सर्वांत मोठ्या सेनापतीची चरित्रं दोन आहेत. घाईत काम झालं, एका हाताने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं, आणि हा तोच माणूस आहे हे छापेपर्यंत कुणी पाहिलंच नाही. "बघ," दोन्ही कार्डं नाचवत चाचा म्हणाले, "आपन काय एकटे येडे नाय." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना करक चहा पाजला.

त्यांची स्वतःची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची. वर्कशॉप सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाचं तीत एक पान. असलेल्या माणसाचं कधी नाही, गेल्यावरच लिहायचं. मी एकदा म्हटलं, माझं काय लिहाल ते आत्ताच सांगा, मी काही बदलणार नाही. ते म्हणाले, तू जा आधी. आणि गेल्यावरही दाखवणार नाही, कारण राजाच्या मागे बसून त्याचं बोलणं-चालणं टिपणारे जे लोक असत, त्यांचं पान राजाने बघायचं नसतं. तशी रीतच. सगळे राजे पाळत नसत, पण रीत होती.

आणि आणखी एक रीत त्यांनी मला सांगितली, तीच पुढे माझ्या मानगुटीवर बसली. मोठ्या माणसाच्या स्वतःच्या चरित्रात त्याचा पराक्रम लिहायचा. त्याची हार, त्याचा खोटेपणा, कुठे हातपाय गळाले असतील ते, दुसऱ्याच कुणाच्या चरित्रात ओळभर टाकायचं; एखाद्या साध्या सरदाराच्या पानात. त्याचा मान राहतो आणि खरंही बुडत नाही. ज्याला खरं हवं असेल त्याने सगळी पानं वाचावीत. "आपल्या मॅनेजरची फाइल बघ," चाचा म्हणाले. "एक डाग नाय. आता फोर्कलिफ्टची फाइल बघ." मी पाहिली. एकाच महिन्यात तीनदा मोडलेली फोर्कलिफ्ट, आणि दर वेळी समोर 'क्षमतेपेक्षा जास्त वजन, मॅनेजरच्या सांगण्यावरून' असं बारीक सुवाच्य अक्षरात. मी पोट धरून हसलो.

गेल्या जुलैत हसणं संपलं.

उन्हाळ्यात बारा ते चार उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. सगळ्यांना माहीत आहे, फाटकावर बोर्ड लावलेला आहे. त्या दिवशी हिद्दच्या बंदराजवळच्या एका कारखान्याचा समुद्राच्या पाण्याचा पंप चारच्या आत पोचवायचा होता, त्यांचा जुना बंद पडला होता आणि फोनवर फोन येत होते. क्रेन उशिरा आली. बारा वाजले तेव्हा पंप निम्माच ट्रेलरवर चढला होता. रामप्रीत, आमचा बिहारचा फिटर, ओला गमछा डोक्याला गुंडाळून वर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "दस मिनट, रामप्रीत. यल्ला, खलास करो."

दहा मिनिटांची चाळीस झाली. शेवटचा पट्टा ओढताना तो थांबला, काहीतरी म्हणाला, आणि सरळ ट्रेलरवरून खाली गेला. त्याला आत नेलं, पाणी मारलं, ॲम्ब्युलन्स आली. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ताप मेंदूपर्यंत चढला होता. ॲम्ब्युलन्स गेल्यावर पंपही गेला. हो, पंप वेळेत पोचला. चाचांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि मी पाच ठिकाणी सह्या केल्या. काय सही करतोय ते वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझ्यापुढे टाइप केलेलं निवेदन ठेवलं. तीन वाक्यं होती. अपघात अकरा चाळीसला झाला. फिटर कुणाच्या सांगण्याशिवाय, सुरक्षेचा पट्टा न लावता वर चढला. त्या वेळी इंजिनिअर ऑफिसमध्ये होता. असं झालं तर चूक रामप्रीतची, कंपनीने त्याला तिकीट काढून घरी पाठवायचं, पुढची शस्त्रक्रिया, औषधपाणी त्याचं तो बघेल. आणि बारा चाळीस झाले तर सगळं कंपनीच्या अंगावर, आणि कंपनीच्या आधी माझ्या. मॅनेजर वाईट माणूस नाही. तो फक्त म्हणाला, "बेटी का टेन्थ है ना इस साल?"

मी सही केली. हे मी फिरवून सांगत नाही. भ्यालो आणि सही केली.

चाचांकडे रजिस्टर होतं. मॅनेजर त्यांच्या खोक्यापाशी गेला आणि समजुतीने म्हणाला, "चाचा, ग्यारह चालीस कर दो. एक घंटे का ही तो फरक है."

"सर, वो पन्ना आपके देखने का नहीं है," चाचा म्हणाले.

"क्या मतलब?"

चाचांनी मतलब सांगितला. चीनचा दरबार, राजा, मागे बसून लिहिणारे, सगळं, फेऱ्या मारत, शांतपणे, दहा मिनिटं. शॉपफ्लोअरवर एकही ग्राइंडर चालू नव्हता. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि पान फाडलं. चाचांनी पुढच्या पानावर लिहिलं, 'मागचे पान मॅनेजरने फाडले, सकाळी दहा वीस.' तेही पान गेलं. मग आख्खं रजिस्टरच गेलं. साठी उलटल्यामुळे चाचांचा व्हिसा वर्षावर्षाला वाढवून घ्यावा लागे. त्या वर्षी वाढला नाही. तीन आठवड्यांत निघायचं ठरलं. मी त्या तीन आठवड्यांत त्यांच्या खोक्याकडे जाणाऱ्या वाटेने गेलो नाही. कॅन्टीनला लांबून वळसा घालून जायचो.

निघायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी ते आपणहून बुसैतीनला आले. वर यायला नको म्हणाले, खाली किनाऱ्यावर चालू. बरोबर एका ओळखीच्याची पिकअप, तिच्यात सात बॉक्स फाइली. विमानात एवढं वजन चालत नाही, तू ठेव. मी 'हो' म्हणालो आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. पलीकडे मनामाच्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. चाचा माझ्यापेक्षा भरभर चालत होते.

"तुम्ही रागावलात," मी म्हणालो.

"नाय. तू घाबरलास. मी पन घाबरतंव. फक्त मना दुसरं लिवता येत नाय, आता काय करू?" ते थांबले, पहिल्यांदाच. "तुज्या पानावर तू साफ हायस, इंजिनेर. तू लिवलंस तसा. खरं बघायचं असलं तर दुसऱ्याच्या पानात बघ."

"कुणाच्या?"

"पंपाच्या," चाचा म्हणाले. "त्याचं कार्ड हिद्दला गेलंय. खाली तुजी सही हाय. आपल्याकडची कापी त्यांनी काडून टाकली असंल, पन गिऱ्हाइकाकडची कोन काडनार? कुनाला सांगायचं का नाय, ते तुजं. मी फक्त लिवलं."

पिकअपमध्ये बसताना त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली आणि विचारलं की त्या सूटकेसची चाकं अजून फिरतात का. मग गेले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हिद्द आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. मी दोनदा कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. पेट्रोल भरलेलं असताना पेट्रोल भरायला थांबलो. घरी ताटावर बसलो की उठायचो, उठलो की कशाला उठलो ते आठवायचं नाही. एमएनजी तीन उघडली. चाचांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'हा कुठे होता?' फाइल मिटली. रामप्रीत इस्पितळात होता आणि त्याच्या तिकिटाची तारीख निघाली होती. कागदावर सगळं मिटलंच होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

शेवटी बायकोला सांगितलं. सगळं, सहीसकट. ती मुलीच्या शाळेचा विचार करत असणार, घरभाड्याचा, परत गेलो तर पुण्यात कुठे राहायचं त्याचा. मग उठून तिने सूटकेसवरचा चार्जर काढला आणि स्वयंपाकघरात भिंतीला लावला.

"जा," म्हणाली. "असा घरात फिरू नको."

मी पंपाचं कंपन मोजायचं निमित्त काढून कारखान्यात गेलो. कंट्रोल रूममधल्या माणसाने कपाटातून पिशवी काढून दिली. कार्ड इंग्रजीत, चाचांच्या बेताच्या इंग्रजीत आणि त्या सुवाच्य अक्षरात. बेअरिंग बदलले, शाफ्ट तपासला, रंग दिला, आणि सगळ्यात शेवटी, माझ्या सहीच्या वर:

'उघड्या यार्डात ट्रेलरवर चढवला. वेळ १२:४०. हुकूम इंजिनिअरचा. इंजिनिअर स्वतः ट्रेलरवर त्याच उन्हात उभा होता. फिटर रामप्रीत पडला. इंजिनिअरने त्याला एकट्याने उचलून थंड खोलीत नेले, आपले प्यायचे पाणी त्याच्यावर ओतले. पंप २:१० ला रवाना.'

मी तिथल्याच खुर्चीत बसलो.

शिव्या असतील अशी तयारी करून मी गेलो होतो. हुकूम माझा, हे असणारच होतं. पण बाकीचं मी विसरलो होतो. विसरलो कसला, स्वतःच्या सहीने पुसलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये नव्हतो. त्याचं वजन माझ्या खांद्यावर होतं, त्याचा गरम श्वास माझ्या मानेवर. उचलायला नको होतं, हाड हललं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. तरी उचललं ते मीच. अंगावरची चूक झटकायला मी तीन वाक्यांवर सही केली आणि त्यात त्या दुपारी माझ्या हातून घडलेली एकमेव बरी गोष्टही गेली. मी नसलोच तर मी उचलणार कुठून? कंट्रोल रूममधला माणूस पाणी घेऊन आला. मला तिथे रडू आलं, आणि लाजही वाटली.

फोटो काढला, कार्डाची शिक्क्यानिशी प्रत मागून घेतली आणि आधी इस्पितळात गेलो. रामप्रीत खाटेवर टेकून बसला होता. मी त्याला कागद दाखवला, वाचून दाखवला, माझ्या निवेदनाचंही सांगितलं. त्याने हिंदीतून ऐकलं आणि मान हलवली.

"हम तो सबसे बोले थे कि सर खुद उठाए थे," तो म्हणाला. "कोई माना नहीं. बोला, सर तो ऑफिस में थे, बुखार में तुमको भरम हुआ है. हम भी सोचे, भरम होगा."

मला त्याच्याकडे बघवेना. त्याच दिवशी कामगार खात्याच्या कचेरीत गेलो आणि पहिलं निवेदन खोटं होतं असं लिहून दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, तुम्हाला समजतंय ना काय लिहून देताय? समजत होतं. रामप्रीतचं तिकीट रद्द झालं. दुसरी शस्त्रक्रिया इथेच झाली, कंपनीच्या जबाबदारीवर. काठी घेऊन चालतो आता, पुढच्या महिन्यात आपले हक्काचे कागद घेऊन घरी जाईल. माझ्यावर खात्याची कारवाई झाली ती झाली, आणि नोकरी त्या आठवड्यातच गेली. मुलीची दहावी पुण्यात कशी बसवायची याचे फोन चालू आहेत. ती चिडली आहे, आणि चिडली की मात्र मराठीत बोलते, हे मला नव्याने कळलं. निळी सूटकेस उघडी पडली आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्यात कपडे भरलेत.

हे चाचांचं चरित्र लिहायला बसलो होतो. ते वर्कशॉप सोडून गेले, म्हणून लिहायला हरकत नव्हती. वाचून पाहिलं तर त्यात माझीच चूक जास्त आली आहे. येऊ दे. रीतीप्रमाणे ती इथेच यायची.

काल दुपारी त्यांना गावी फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज होता आणि चाचा चालत बोलत होते. आवाज जवळ यायचा, लांब जायचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही, हळहळही केली नाही.

"टायम कुठला लिवलास?"

"बारा चाळीस."

"आनि तू कुठं व्हतास?"

"ट्रेलरवर."

"हां." पावलं थांबली. कागद उलटल्याचा आवाज आला, जाड पुठ्ठ्याचा. "निघालास ना तू आता? मंग तुजं पान लिवायला घेतो."

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"ते तू बघायचं नसतं," चाचा म्हणाले.